मोडेम, टँकर आणि मायची हाक

मला लवकर राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. घराला माहीत आहे, गल्लीला माहीत आहे, उस्मानपुऱ्यात ज्या दुकानात मी कॉम्प्युटर दुरुस्त करायचो त्या मालकालाही माहीत होतं. पण दोन हजार तीन सालच्या मे महिन्यात मंगळवार ते शनिवार मला जो राग आला, तसला आधी कधी आला नव्हता. आणि तो कुणावर? तळहाताएवढ्या एका हिरव्या कार्डावर. मोडेमवर.

तेव्हा आम्ही बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात नव्या प्लॉटिंगमध्ये राहायला होतो. प्लॉट पडले, घरं उभी राहिली, गल्लीला नावसुद्धा ठेवून झालं, फक्त पाणी तेवढं आणायचं राहिलं. त्यात दुष्काळाचं सलग दुसरं-तिसरं वर्ष. बोअर मारला की पाण्याऐवजी धूळ वर यायची. आमचं सोडून अकरा घरांची गल्ली आणि एका टँकरवर सगळ्यांचा जीव.

माझी बायको ज्ञानेश्वरी गंगापूरची. इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली. लग्नाआधी क्रांती चौकातल्या एका ऑफिसात कामाला होती, लग्नानंतरही जात होती. मग संस्कृती झाली, आणि तान्ह्या पोरीला घेऊन कुठं जाणार? नोकरी सुटली. ती घरकामाला लागली. पण एक दिवस मेथी निवडता निवडता म्हणाली, "अहो, माझी बोटं विसरून जातील हो." मेथी निवडायला मीही बसलो.

मग तिनंच पेपरात जाहिरात शोधली. पुण्याची एक कंपनी घरबसल्या टायपिंगचं काम देत होती. परदेशातल्या दवाखान्यांची कागदपत्रं, स्कॅन करून सीडीवर यायची; ती टाईप करायची आणि घरच्या फोनवरून इंटरनेटनं परत पाठवायची. अटी तीन. एक, पेशंटची नावं असतात म्हणून सायबर कॅफेतून पाठवायचं नाही. दोन, कॉम्प्युटरमध्ये चोरीचं सॉफ्टवेअर चालणार नाही, विकतचं घ्या नाहीतर फुकटचं लिनक्स टाका. तीन, चाचणीची चाळीस पानं शनिवारी चार ते पाच या तासातच त्यांच्या सर्व्हरवर पोचली पाहिजेत. पोचली तर काम पक्कं. नाही पोचली तर तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या.

"जमेल का हो?" तिनं विचारलं.

"जमेल का म्हणजे काय? घरात मेकॅनिक ठेवलाय ना!" मी म्हणालो. तिथंच फसलो.

लिनक्स टाकायला वेळ लागला नाही. एका मासिकाबरोबर सीडी आली होती ती माझ्याकडं होतीच. पडदा आला, माऊस हलला, टायपिंग सुरू झालं. ज्ञानेश्वरीनं एका हातानं झोळीला झोका देत आणि दोन्ही हातांनी टाईप करत (कसं ते तिचं तिला माहीत, पायाचाही वापर असावा) मंगळवारी सहा पानं हाणली. फक्त फोनच्या तारेतून इंटरनेट जोडणारा मोडेम तेवढा मुका. लिनक्सला तो ओळखूच येईना. त्याचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, म्हणजे यंत्राला ते कार्ड कसं चालवायचं ते शिकवणारा प्रोग्राम. आणि तो कुठं मिळतो? इंटरनेटवर! म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

गेलो उस्मानपुऱ्यातल्या सायबर कॅफेत. चार फ्लॉपींवर तुकडे तुकडे करून ड्रायव्हर उतरवला. घरी आलो तर तिसरी फ्लॉपी खराब. परत गेलो. हा ड्रायव्हर तयार मिळत नाही, शिधा मिळतो. रांधायचं आपल्या मशीनवर आपणच. मीठ इकडचं तिकडं झालं की चुलीवरच करपतं. पहिल्यांदा करपलं, दुसऱ्यांदा करपलं. तिसऱ्यांदा शिजलं. कार्ड ओळखलं गेलं! मी मोठ्या तोऱ्यात ज्ञानेश्वरीला बोलावलं, नंबर फिरवायचा हुकूम सोडला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: नो डायलटोन.

म्हणजे फोनच्या तारेत जीवच नाही, असं ते कार्ड म्हणत होतं. आणि फोन तर चांगला ठणठणीत वाजत होता.

आता फोनचं सांगायला पाहिजे, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. आख्ख्या गल्लीत फोन एकट्या आमच्याकडं. विहिरीवर टँकर भरला की ड्रायव्हर सांडू शेजारच्या टपरीवरून आमच्याकडं फोन करायचा. "निघालो," एवढंच म्हणायचा. फोन उचलला गेला तर आधी आमच्या गल्लीत यायचा. नाही लागला तर सरळ मागच्या कॉलनीत, आणि मग आमच्या वाट्याला राहायचा टँकरच्या तळाचा गाळ. हा फोन घ्यायचं काम माझ्या मायचं. बानाबाई तिचं नाव. लिहिता-वाचता येत नाही, पण फोनची राखण अशी, की तिच्यापुढं तिजोरीचा शिपाईही कमी पडावा. फोन आला की गुडघा धरत उठायची आणि अकराच्या अकरा दारं एकेक करून वाजवत जायची. "पानी निगालं वो." "पानी निगालं." शेवटच्या दाराला पोचेपर्यंत टँकर वळणावर दिसायचा.

दारं का वाजवायची, तिथूनच हाक का नाही मारायची? तर ती बंदी मी घातली होती.

आमचं घराणं मेंढरांचं. देवगाव रंगारीच्या माळावर माझ्या बापानं, मुंजाबानं, जन्मभर मेंढरं राखली. माय एका टेकाडावर, बाप दुसऱ्या टेकाडावर, मधी सगळी घळ, आणि मायनं हाक टाकली की बाप तिकडून मान वर करायचा. बाप गेला, मेंढरं चुलत्यानं, खंडेरावनं नेली, आणि मायला मी इकडं घेऊन आलो. पहिल्याच आठवड्यात मी वळणावर उभा असताना तिनं गच्चीवरून मला जेवायला हाक मारली. माळावरची हाक! चार खिडक्या उघडल्या. कोपऱ्यावरचे नानासाहेब, बँकेत कॅशियर, गंगथडीला, गोदाकाठी, बागायत जमीन, ते फाटकात येऊन हसत म्हणाले, "काय बद्रीनाथ, वाडा उतरला का काय मेंढरांचा?" मी तेव्हा नवा होतो, शर्ट इन केलेला होता. लाजेनं मेलो. घरी आलो आणि मायला म्हणालो, "हे शहर हाय माय. इथं असं वरडायचं नाय."

"बरं," म्हणाली. चार वर्षं झाली त्याला. त्यानंतर तिचा चढा आवाज मी उंबऱ्याबाहेर ऐकला नव्हता.

तर नो डायलटोन. मशीन बंद-चालू करून पाहिलं, सेटिंगं बदलली, ड्रायव्हर पुसून पुन्हा रांधला. फोनची वायर एकच होती. कधी फोनला लावायची, कधी कॉम्प्युटरला. दोन्हीला एकदम जोडायचा डबल पिन दुकानात पडलेला होता, आणतो आणतो म्हणत राहूनच गेला. म्हणून मंगळवारी, ड्रायव्हर आणायच्या आधीच, वायर मोडेमला एकदा नीट लावली आणि घरात दवंडी पिटली, "या वायरीला कुणी हात लावायचा नाही! ज्यानं लावला त्याची माझ्याशी गाठ आहे!" आणि रागारागात फ्लॉपी आणायला गेलो.

बुधवारी नो डायलटोन. गुरुवारी नो डायलटोन. टेलिफोनच्या लाइनमनला बोलावून आणलं, त्यानं वायर काढून आपला फोन लावून पाहिला, वायर होती तिथं परत खोचली नि म्हणाला, "साहब, लाइन तो एकदम मस्त है. तुम्हारे डब्बे का दिमाग खराब है." मग मी डब्याचा दिमाग बदलायला घेतला. लिनक्सचा गाभाच नव्याने तयार करायला लावला. सहा तास मशीन घरघरत राहिलं, आणि मी त्याच्यापुढं बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मायनं मधेच विचारलं, "बद्री, चहा ठिवू का?" तिच्यावरही खेकसलो. ज्ञानेश्वरी मात्र टाईप करत राहिली. शुक्रवारी दुपारी तिची चाळीस पानं पूर्ण झाली. तपासून, नावं लावून, फाइल तयार. आणि पाठवायला रस्ता नाही.

"नाही झालं तर नाही," ती म्हणाली. "पुढं कधीतरी बघू." एवढं हळू बोलली की मला चीड आली. माझीच.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मी हात टेकले. "दुकानात जातो!" असं ओरडून दार आपटून निघालो. फाटकात पोचलो नि आठवलं, अर्थिंग तेवढं बघितलं नाही. मागच्या दारानं आत आलो आणि बॅटरी तोंडात धरून टेबलामागं फरशीवर आडवा झालो. वरती कॉम्प्युटरची पाठ, बाजूला फोन. तेवढ्यात एक हात आला.

सुरकुतलेला. मनगटावर गोंदलेलं माझ्या बापाचं नाव. त्या हातानं मोडेममधून टक्क करून वायर उपसली आणि टक्क करून फोनला लावली.

"माय!!"

बॅटरी माझ्या तोंडातून पडली. माय दोन पावलं मागं सरली. "अगं बाई! तू तर गेला व्हतास ना!"

"तीन दिवस... चार दिवस... तू... ही वायर..."

"मग सांडूचा फोन कसा येनार रे?" माय म्हणाली. "तू वायर लावून जातू निघून. इथं फोन मुका पडतू. मी आपली काढून फोनला लावते, आन तुझी फटफटी आली का परत हुती तशी लावते. तू म्हनला व्हतास ना, हात नाय लावायचा. म्हनून गुपचूप."

"हुती तशी?" मी मोडेमची पाठ बघितली. तिथं दोन तोंडं असतात, अगदी जुळी. वरच्यात भिंतीकडून आलेली वायर जाते, खालचं जादा फोन जोडण्यासाठी. "कुठल्या तोंडात लावतीस तू?"

"खालच्या. वाकून बगता येत नाय, हाताला खालचंच आदी लागतं."

तेवढ्यात ज्ञानेश्वरी पोरीला कडेवर घेऊन दारात आली होती. आधी तिनं पदर तोंडाला लावला. मग खाली बसली. मग हसून हसून डोळ्यांतून पाणी. "काखेत कळसा नि गावाला वळसा! अहो, सहा तास गाभा बदलत होतात!"

आणि माझं? अहो, मी आख्खं लिनक्स उलटंपालटं केलं, पण मशीनच्या मागं वाकून एकदा बघितलं नाही. का? तर वायर मी लावलेली होती ना! मी लावलेली वायर चुकेल कशी?

वरच्या तोंडात वायर लावली. नंबर फिरवला. आधी टोन, मग आकडे, आणि मग तो आवाज: किर्र, घर्र, पलीकडून उत्तर, पुन्हा इकडून. माय कान देऊन ऐकत होती. "संध्याकाळी कोकरं सोडली का असंच व्हतं," म्हणाली. "मेंढी वरडती, कोकरू वरडतं. वळखलं एकमेकाला का गप." आणि खरंच गप झालं. लागलं होतं.

ज्ञानेश्वरीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मग तिनं हिशोब केला. टाईप केलेलं आणि स्कॅनची पानं, दोन्ही पाठवायचं होतं. या वेगानं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मधे तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि तासभरच मुदत. म्हणजे चार ते पाच फोन अडकलेला.

आणि शनिवारचा टँकर चार ते पाचमधेच येतो.

गुरुवारपासून गल्लीत पाणी नव्हतं. शेजारच्या कडूबाईच्या घरी लेक बाळंतपणाला आलेली, ती सकाळीच घागर मागून गेली होती. ज्ञानेश्वरी पोरीचे केस सारखे करत म्हणाली, "राहू द्या. पाणी आधी. अकरा घरांचं आहे, माझ्या एकटीचं थोडंच आहे."

"हे काम तुझं हाय का नाय?" मायनं विचारलं.

"आहे, आत्याबाई, पण..."

"मग पन कशाला? लाव तुझं ते. पान्याचं मी बगते."

"तू काय बघणार माय? फोनच नसल तर तुला कसं कळल?" मी म्हणालो.

"तू तुझी वायर संभाळ," माय म्हणाली. दोन वेळा सांगितलं नाही तिनं. साडेतीनला डोक्यावर पदर, हातात काठी, उन्हात बाहेर पडली. मला वाटलं, विहिरीपर्यंत चालत जाते की काय या गुडघ्यानं. मागं जाणार होतो, पण चारची वेळ जवळ आली होती आणि ज्ञानेश्वरीनं मला खुर्चीत बसवलं. "तुम्ही बसा इथं. तुटलं तर मला जोडता येणार नाही. मी ड्रम मांडते."

चारला लागलं. फाइल निघाली. पडद्यावर आकडा हलायचा, थांबायचा, हलायचा. पाच टक्के. नऊ. मी हात मांडीखाली धरून बसलो होतो, कशाला धक्का लागायला नको म्हणून. झोळीत संस्कृती झोपलेली. अठरा टक्के. बाहेर चिटपाखरू नाही. बावीस.

आणि मग ती हाक आली.

आधी मला कळलंच नाही काय आहे ते. अंगावर काटा आला, मग कळलं. वळणापाशी पायाखोदाईच्या मुरुमाचा मोठा ढीग होता. तिथून मोकळ्या प्लॉटांपलीकडं विहीर दिसायची. माय त्या ढिगावर चढली होती. टँकर विहिरीवरून हलताना तिनं बघितला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक टाकली, टेकाडावरून टेकाडावर टाकायची तशी.

"कडूबाईऽऽऽ! पानी निगालंऽऽऽ! ए राम्याच्या मायेऽऽऽ! नानासाहेबऽऽऽ, वोऽऽ नानासाहेब! पानीऽऽऽ!"

एकेक नाव, एकेक घर. अकराच्या अकरा. जिथं तिला दारोदार फिरायला पंधरा मिनिटं लागायची तिथं अर्ध्या मिनिटात गल्ली जागी झाली. दारं उघडली, ड्रम गडगडले, घागरी आपटल्या. खिडकीतून मला नानासाहेब दिसले, बनियनवर, दोन्ही हातांत बादल्या, बँकेत कधी पळाले नसतील असे पळत होते. आणि टँकरमधून सांडूनंही ती हाक ऐकली असणार, कारण मागच्या कॉलनीकडं वळायला निघालेला टँकर थांबला आणि सरळ इकडं आला.

मी खुर्चीत बसून होतो आणि मला रडू येत होतं. चार वर्षं हा आवाज मी एका कॅशियरच्या हसण्यापायी घरात कोंडून ठेवला होता. चार वर्षं ती लंगडत लंगडत दारं वाजवत होती आणि मी खुशाल बघत होतो.

एकतीस टक्के. चव्वेचाळीस. अठ्ठावन्नवर आकडा अडला तेव्हा मी खंडोबाला नवस बोललो. लिनक्सवाले हसतील, हसू द्या. परत हलला. चार बावन्नला शंभर झाले आणि पुण्याहून एक ओळ आली, फाइल मिळाली म्हणून. मी ती ओळ तीनदा वाचली. मग पोरीला झोळीतून उचललं आणि धावत सुटलो.

गल्लीत नुसती झुंबड. टँकरचं इंजिन धडधडतंय, पाइप उडतायत, कडूबाई सगळ्यांना रांगेत उभं करतेय. ज्ञानेश्वरी पार तिकडच्या टोकाला, आमच्या ड्रममधे पाइप धरून, पाठमोरी. माय अजून ढिगावरच बसलेली, काठी आडवी ठेवून, घामानं भिजलेली. मला बघितलं आणि उठायला लागली. चेहरा असा केला, जसं काही माझ्या हातून मार खाणार आहे.

"वरडले रे बद्री," म्हणाली. आवाज बसला होता. "तू नको म्हनला व्हतास. पन इलाज नव्हता."

तिच्याशेजारी मुरुमावरच बसलो.

"पोरीची फाइल गेली का?" तिनं विचारलं.

"गेली माय."

"मग हितं काय बसलास? जा, सांग की तिला."

मी ज्ञानेश्वरीकडं बघितलं, मधल्या गर्दीकडं बघितलं. "तूच सांग," मी म्हणालो. "इथनंच."

माय माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं नानासाहेबांकडं बघितलं. ते समोरच बादल्या भरत होते. मग पुन्हा माझ्याकडं. मी मान हलवली. तिनं पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले.

"ज्ञानूऽऽऽ! गेलीऽऽऽ! तुजी फाइल गेलीऽऽऽ गं!"

ज्ञानेश्वरी गर्रकन वळली. तिच्या हातातला पाइप सुटला, नागासारखा उसळला आणि नानासाहेबांना डोक्यापासून पायापर्यंत भिजवून गेला. कडूबाई पाण्याच्या नावानं बोंबलत होती, सांडू कॉक बंद करायला धावला, आणि माय त्या ढिगावर उभी राहून, आवाज बसलेला असताना, पुन्हा एकदा हाक मारायला श्वास घेत होती.